म्होरक्याला पिंजऱ्यात बोलतं करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीत घडणारी क्राइम थ्रिलर लिहिताय. सावकारीतून वर आलेला टोळीचा म्होरक्या आहे. त्यानं एका बेदाणा व्यापाऱ्याचा खून घडवून आणला, पण त्या रात्री तो स्वतः मिरजेत एका लग्नात पंगतीला बसलेला होता. मोक्का, म्हणजे टोळ्यांविरुद्धचा संघटित गुन्हेगारीचा कायदा, लागलाय, खटला उभा आहे. शेवटच्या प्रकरणात सरकारी वकील त्याला पिंजऱ्यात घेऊन प्रश्नांचा भडिमार करतात, त्याचा तोल जातो आणि भर कोर्टात तो ओरडतो, "होय, मीच सांगितलं मारायला!" हे कितपत खरं वाटेल आणि खरा खटला दाखवला तर वाचक जांभया देतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत फौजदारी वकिली करतो. बरीच वर्षं आरोपींच्या बाजूनं, मधली काही सरकार पक्षाकडून. दोन्हीकडच्या खोड्या ठाऊक आहेत. त्यामुळे आधी कडू सांगतो: ते शेवटचं प्रकरण जसं आहे तसं चालणार नाही. आपल्याकडे आरोपीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ओढताच येत नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. सरकारी वकिलांना तुमच्या म्होरक्याला एक प्रश्नही विचारता येत नाही. त्याची उलटतपासणी होते ती फक्त एका परिस्थितीत: त्यानं स्वतः लेखी अर्ज देऊन बचावाचा साक्षीदार म्हणून शपथ घेतली तर. आणि त्याचा वकील शुद्धीवर असेल तर तो असा अर्ज देऊ देत नाही.

मग तो खटल्यात बोलतो कधी? सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश स्वतः त्याला प्रश्न विचारतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३१३ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ आहे. वकील मंडळी अजून '३१३ चा जबाब' असंच म्हणतात आणि आणखी बरीच वर्षं म्हणत राहतील. यात शपथ नसते, उलट प्रश्न नसतात. पुराव्यातला एकेक मुद्दा समोर ठेवून विचारलं जातं, यावर तुमचं काय म्हणणं आहे? उत्तरं ठरलेली. "खोटं आहे." "मला माहीत नाही." शेवटी विचारतात, साक्षीदार तुमच्याविरुद्ध का बोलतात? "पोलिसांच्या सांगण्यावरून." मोठ्या खटल्यात हे प्रश्न शेकड्यांत जातात आणि म्होरक्या एका सुरात 'खोटं आहे' म्हणत राहतो. वाचक म्हणून मला हे त्या ओरडण्यापेक्षा भयंकर वाटतं.

तरीही तुम्हाला त्याला बोलतं करायचंच असेल तर एक वाट आहे. वकिलानं हात जोडून नको म्हटलेलं असताना त्याचा अहंकार त्याला पिंजऱ्यात नेतो, असं दाखवा. पण मग ती सुरुंगाची वात पहिल्या प्रकरणापासून पेरावी लागेल.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलाय कोर्टाच्या कामकाजाबद्दल, पण अडलंय वेगळंच. जो माणूस गुन्ह्याच्या जागी नव्हता, ज्यानं हत्याराला हात लावला नाही, त्याला त्या खुनाशी बांधायचं कशानं? हे सुटलं की प्रकरणं आपोआप उभी राहतील.

महाराष्ट्रात हे झालेलं आहे. मार्च २००७ मध्ये मुंबईत नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा खून झाला. अरुण गवळी गोळी झाडायला गेला नव्हता, तरी २०१२ मध्ये विशेष न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. पत्रकार जे. डे यांचा खून जून २०११ मध्ये पवईत झाला, तेव्हा छोटा राजन देशातही नव्हता. २०१५ मध्ये त्याला बालीत पकडून आणलं आणि मे २०१८ मध्ये जन्मठेप झाली. म्हणजे अंतर हा बचाव नाही. मात्र ते अंतर भरून काढणारा प्रत्येक दुवा सिद्ध करावा लागतो.

मोक्का हा १९९९ चा राज्याचा कायदा. लोकांना वाटतं मोक्का लागला म्हणजे माणूस आत गेला. प्रत्यक्षात तो लावण्याआधी बरेच कागद लागतात आणि म्होरक्याचा वकील पहिला हल्ला त्या कागदांवरच करतो. मागच्या १० वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं हवीत, त्यांची न्यायालयानं दखल घेतलेली हवी आणि ते गुन्हे ३ वर्षं किंवा जास्त शिक्षेचे हवेत. हिंसा, धाकदपटशा किंवा तसाच बेकायदा मार्ग हवा आणि त्यामागे आर्थिक किंवा तत्सम फायदा हवा. ही दोषारोपपत्रं प्रत्येक आरोपीवर वेगवेगळी लागत नाहीत, टोळीवर असली तरी पुरतात. कोल्हापुरातल्या मटका अड्ड्यावरच्या छाप्यातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. तुमच्या गोष्टीत हे कामाचं आहे, कारण तुमचा म्होरक्या 'माझ्या नावावर एकही केस नाही' म्हणून मिरवणारा आहे.

मंजुऱ्या दोन. मोक्काची कलमं लावायला किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. सांगली कोल्हापूर परिक्षेत्रात येते, म्हणजे प्रस्ताव जाणार कोल्हापूरला. पुढे न्यायालयानं दखल घेण्याआधी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. तपासही उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. तुमच्या मसुद्यात एक फौजदार एकटाच सगळा तपास करतो, तो करू दे, पण कागदावर सही त्याच्या वरच्याची हवी. या दोघांमधली कुरबूर तुम्हाला फुकटात मिळेल.

सांगलीचा म्होरक्या दुबईत बसून फोन करत नाही, हे तुम्ही बरोबर पकडलंय. इथला पैसा सावकारीत, प्लॉटच्या ताब्यात, वाळूत, मटक्यात. तो गणपतीच्या मंडळाला देणगी देतो, कुणाच्या पोरीच्या लग्नाला मदत करतो. त्यामुळे 'आर्थिक फायद्यासाठी धाक' सिद्ध करताना अडचण अशी येते की ज्यांना धाक होता तेच त्याचा उपकारकर्ता म्हणून गौरव करतात. खासगी सावकारीत लेखी पुरावा राहतो तो कोऱ्या धनादेशांचा, सही घेतलेल्या मुद्रांकांचा आणि खरेदीखताच्या रूपात लिहून घेतलेल्या कर्जाचा. तुमच्या बेदाणा व्यापाऱ्याच्या कपाटात असं एखादं खरेदीखत सापडू द्या. खुनाचा हेतू सांगायला कुणाच्या भाषणाची गरज उरणार नाही.

मोक्कात एक हत्यार असं आहे जे एरवी पोलिसांकडे नसतं. साध्या खटल्यात पोलिसासमोर दिलेली कबुली पुराव्यात येत नाही. मोक्कात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली येते. पुढे त्या आरोपीला विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेतात, ते विचारतात, मारहाण झाली का, स्वखुशीनं दिलीस का. हल्लेखोरानं अशी कबुली देऊन म्होरक्याचं नाव घेतलं तर ती म्होरक्याविरुद्धही वापरता येते, पण एका अटीवर: दोघांवर एकाच खटल्यात एकत्र आरोप ठेवून तो चालला पाहिजे. ही अट तुमच्या कामाची आहे. म्होरक्या फरार राहिला, हल्लेखोरांचा खटला आधी उरकला आणि मग तो शांतपणे शरण आला, तर ती कबुली त्याच्याविरुद्ध निकामी होते. मी तुमच्या जागी असतो तर कथानकाचा मधला भाग यावरच रचला असता. पोलीस त्याला शोधतायत तो केवळ पकडायला नव्हे, खटला वेगळा पडायच्या आत पकडायला. आणि कबुली देणारे नंतर ती जवळजवळ नेहमी मागे घेतात, हेही धरून चाला. मागे घेतलेल्या कबुलीवर एकट्यावर न्यायाधीश सहसा विसंबत नाहीत, आधार शोधतात.

तो आधार येतो फोनच्या नोंदी, टॉवरचं ठिकाण, पैशाचा माग आणि माफीचा साक्षीदार (माफीच्या बदल्यात सरकार पक्षाकडून बोलणारा आरोपी) यांतून. फोनचं रेकॉर्ड नुसतं छापून जोडलं की झालं, असं समजू नका. त्यासोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे बंधनकारक असल्याचं सांगितलं. एका कागदाअभावी अख्खं कॉल रेकॉर्ड बाहेर राहू शकतं. माफीच्या साक्षीदाराबद्दल एवढंच सांगतो, की तो टोळीतलाच असतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला दुसरीकडून पुष्टी मिळाल्याशिवाय न्यायाधीश सहसा शिक्षा देत नाहीत. तो धुतल्या तांदळासारखा दाखवू नका.

आता साक्षीदार. इथं मी जरा जास्त रेंगाळणार, कारण माझ्या मते तुमची कादंबरी इथंच आहे.

म्होरक्याचं खरं शस्त्र तारीख असतं. बंदूक खुनाच्या रात्री दुसऱ्याच्याच हातात होती, खटल्यात तो स्वतः वापरतो तो वेळ. घटना आणि साक्ष यांत वर्षं जातात. ज्या पानपट्टीवाल्यानं पळणारे दोघं पाहिले, त्यानं पोलिसांना दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलेलं असतं. पण पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नसतो, त्यावर त्याची सहीही नसते. तो माणूस न्यायाधीशांसमोर शपथेवर काय बोलतो तेच धरलं जातं. दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवला तर मागे फिरणं अवघड होतं आणि नव्या कायद्यानं १० वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तसा जबाब घ्यायला सांगितलंय. तरी तोही स्वतंत्र पुरावा नाहीच.

या मधल्या काळात काय होतं? सिनेमात साक्षीदाराच्या घरावर दगड पडतात. इथं मी पाहिलंय ते फार सौम्य असतं. आधी साक्षीदाराच्या मेव्हण्याला कुणीतरी भेटतं. मग एखादा नात्यातला वडीलधारा घरी चहाला येतो. "पाव्हणं, तुमचा त्यात काय संबंध? तुमी कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवताय?" धमकीचा एक शब्द नाही, त्यामुळे तक्रार द्यायची कशाची? कुणाची थकलेली बाकी माफ होते, कुणाच्या पोराला कुपवाडच्या एमआयडीसीत काम लागतं. मग तारखेला पानपट्टीवाला उभा राहतो.

"पळणारे कोण होते?"

"दिसलं न्हाई साहेब. लाईट गेल्ती."

सरकारी वकील सांगतात, साक्षीदार फितूर झालाय, त्याला उलट प्रश्न विचारायची परवानगी द्यावी. जुना जबाब वाचून दाखवतात. आणि मग येतं ते वाक्य, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोर्टात रोज टंकलं जातं: "असा मजकूर पोलिसांनी का लिहिला याचे कारण मला सांगता येणार नाही." हे तुमच्या कादंबरीत आलं की कोर्टात बसलेला कुठलाही वाचक मान डोलावेल. एक लक्षात घ्या, साक्षीदार फितूर झाला म्हणजे त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. जेवढा भाग विश्वासार्ह आहे तेवढा न्यायालय वापरू शकतं. चांगला सरकारी वकील पडत्या साक्षीदाराकडूनही दोन कामाच्या गोष्टी काढून घेतो: तू त्या रात्री दुकानात होतास ना? दुकान किती वाजता बंद केलंस?

आणखी धारदार जागा हवी असेल तर ती सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न) आणि उलटतपास (समोरच्या पक्षाचे प्रश्न) यांच्या मध्ये आहे. सरकारी वकिलांनी साक्षीदाराकडून सगळं वदवून घेतलंय. म्होरक्याचं नाव आलंय, व्यापाऱ्याला दिलेली धमकी आलीय. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. आरोपीचे वकील उठतात, "उलटतपासासाठी तारीख मिळावी." न्यायाधीशांनी दिली तर पुढच्या तारखेपर्यंत तो साक्षीदार आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आणि बाहेर सगळ्यांना कळलेलं की हा बोलला. पंजाबातल्या एका लाचखोरीच्या खटल्यात सरतपासानंतर उलटतपास व्हायला २० महिने लागले आणि तोपर्यंत साक्षीदार उलटला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत सुनावलं, उलटतपास शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा म्हणून सांगितलं. तुमच्या न्यायाधीशबाई तो निकाल हातात धरून वकिलांना म्हणतात, "आत्ता सुरू करा, मी सातपर्यंत बसते." यापेक्षा चढता प्रसंग मला सुचत नाही, आणि यात कुणी ओरडत नाही.

साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ पासून देशभर लागू आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्यावरून संरक्षण ठरतं. मोक्कात तर साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवून बंद दाराआड सुनावणी घेता येते. पण सांगलीएवढ्या शहरात गुप्त काय राहतं? दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर हवालदार बसला की गल्लीत सांगायची गरज नसते, साक्षीदार कोण ते.

कोर्टाचं दृश्य लिहिताना काही गोष्टी काढून टाका. लाकडी हातोडा नसतो. ज्युरी नसते. 'मिलॉर्ड' जिल्हा न्यायालयात नाही. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश त्याचं नीट वाक्य करून लघुलेखकाला सांगतात आणि बोलणं व टंकणं यांतल्या त्या क्षणात दोन्हीकडचे वकील एकेका शब्दावर भांडतात. "'बहुतेक' म्हणाला तो, ते घ्या." हे भांडण लिहा. सांगलीत विजयनगरला असलेल्या न्यायालयाच्या व्हरांड्यात एकच बाक असतो आणि त्या बाकावर साक्षीदार आणि म्होरक्याची पोरं एकमेकांना चिकटून वाट बघत बसतात. पोरं काही करत नाहीत. एकजण फक्त विचारतो, "मुलगी आता कितवीला आहे?"

म्होरक्या स्वतः बऱ्याचदा कोर्टात येतच नाही. कळंब्याच्या किंवा येरवड्याच्या कारागृहातून पडद्यावर दिसतो, किंवा बंदोबस्ताला पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून रोजनाम्यात 'आरोपी हजर नाही' असं लिहून पुढची तारीख पडते. त्याला सांगलीच्या तुरुंगातून पळवायचा मोह होईल तुम्हाला. आवरा. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा तो तुरुंग फोडून बाहेर पडले, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमचा गुंड त्या सावलीत केविलवाणा दिसेल.

काही गोष्टी तुम्ही कथेचा काळ कोणता धरता यावर अवलंबून आहेत. खून १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहिता, कलम ३०२ आणि १२०-ब. नंतरचा असेल तर न्याय संहिता, खुनाला १०३ आणि कटाला ६१. न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचं कलम १११ आलंय, पण मोक्का संपलेला नाही. जामिनाचंही तसंच. मोक्कात दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, शिवाय तो बाहेर आल्यावर गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायालयाला पटल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे प्रकरण उच्च न्यायालयात जाणारच. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची अशी प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. त्याआधीची गोष्ट असेल तर वकील फायली घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई गाठणार. मला विचाराल तर जुना काळ धरा. त्या गाडीत दोन्ही बाजूंचे वकील एकाच डब्यात असायचे आणि जेवणाचे डबेही एकत्रच उघडायचे. टोळीच्या माणसांना हे कधी पचलं नाही.

शेवट कसा करायचा हे तुमचं काम, त्यात मी पडत नाही. फक्त निकालाच्या दिवशी न्यायाधीश लांबलचक भाषण देतात असं दाखवू नका. ते निकालाचा आदेशाचा भाग वाचतात, दोषी धरलं असेल तर शिक्षेबद्दल आरोपीला काय म्हणायचंय ते विचारतात. तुमचा म्होरक्या पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत बोलणार असेल तर कायदेशीर जागा ही आहे. त्याला काय म्हणू द्यायचं ते ठरवा. बहुतेकजण म्हातारी आई आणि लहान मुलं सांगतात.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय की इथल्या एका चालू प्रकरणावरच लिहा, नावं बदलून. हे करू नका. नाव बदलून भागत नाही. गल्ली, गाडीचा रंग, हॉटेलची जागा यांवरून माणूस ओळखू येतो, आणि मग बदनामीची फिर्याद येते किंवा चालू खटल्यात ढवळाढवळ केल्याचा ठपका. त्यापेक्षा विजयनगरला या, सत्र न्यायालयाच्या कुठल्याही खुल्या सुनावणीला मागच्या बाकावर बसा. कुणी हटकत नाही, फोन तेवढा बंद ठेवा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, खून खटला लागलेला दिवस निवडा आणि साक्षीदाराकडे बघू नका, तो बोलत असताना त्याचे नातेवाईक कुणाकडे बघतायत ते बघा.